नगरपालिकेची कर्तव्ये व बिनतारी इंटरनेट

नगरपालिकेच्या कामांचा पाठ शिकविताना पाणी, दिवे, रस्ते व सफाई ही कामे मुलांस सहज समजतात. कारण नळ, खांब आणि गटारे ती रोज पाहत असतात. इंटरनेटचे तसे नाही. ते बहुधा खासगी कंपनीकडून येते, आणि पैसे देण्याची ऐपत असेल त्याच घरी येते. मग पाण्याप्रमाणे ही सोयही नगरपालिकेने का पुरवू नये, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर शिक्षकाजवळ प्रत्यक्ष घडलेले एखादे उदाहरण असलेले बरे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचा अनुभव ह्या कामी उपयोगी पडण्यासारखा आहे.

सन २००४ मध्ये तेथील महापौर जॉन स्ट्रीट यांनी सुमारे १३५ चौरस मैलांच्या सबंध शहरावर बिनतारी इंटरनेटचे जाळे पसरण्याची योजना पुढे मांडली. गरीब वस्त्यांतील मुलांस अभ्यासासाठी व प्रौढांस कामधंदा शोधण्यासाठी ही सोय स्वस्तात मिळावी, हा तीमागील एक प्रमुख हेतू होता. टेलिफोन कंपन्यांस हे रुचले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेन्सिल्व्हेनिया राज्यात असा कायदा झाला की, नगरपालिकेस पैसे आकारून अशी सेवा द्यावयाची असल्यास तिने प्रथम स्थानिक टेलिफोन कंपनीस विचारावे. फिलाडेल्फियाला त्यातून सूट मिळाली. इतर गावांस ती मिळाली नाही.

ह्या जाळ्याची रचना मुलांस अशी समजावून द्यावी. रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांवर लहान पेट्या बसवितात. प्रत्येक पेटी आसपासच्या संगणकांशी बिनतारी लहरींनी बोलते व आलेला निरोप शेजारच्या पेटीकडे देते. असा तो हातोहात मुख्य वाहिनीपर्यंत जातो. खांब नगरपालिकेचेच असल्याने हे काम सोपे वाटते. अडचण पुढेच आहे. ह्या लहरी विटांच्या भिंतींतून जाताना क्षीण होतात, झाडांच्या ओल्या पानांतही अडतात. आणि फिलाडेल्फियात विटांच्या घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. वर्गात ह्याचा छोटा प्रयोग करता येईल. एका मुलास दाराबाहेर उभे करून मोठ्याने कविता म्हणावयास सांगावे, दार लावून घ्यावे आणि आतील मुलाने हळू आवाजात उत्तर द्यावे. बाहेरचा आवाज आत कसाबसा येतो; आतला बाहेर पोचतच नाही. खांबावरील पेटी जोरकस असली तरी घरातील संगणकाचा ‘आवाज’ बारीक असतो. म्हणूनच ग्राहकांस घरात आणखी एक यंत्र बसवावे लागे, व कंपनीस खांबांवर अपेक्षेपेक्षा अधिक पेट्या लावाव्या लागल्या.

जाळे उभारण्याचे काम २००५ मध्ये अर्थलिंक ह्या कंपनीस देण्याचे ठरले. सर्व खर्च तिने करावयाचा, नगरपालिकेने खांब वापरू द्यावयाचे, आणि गरीब कुटुंबांस महिना १० डॉलरांहून किंचित कमी दराने सेवा मिळावयाची, असा तो करार होता. करदात्यांवर बोजा नाही म्हणून त्याची पुष्कळ वाहवा झाली. परंतु उणीव नेमकी तेथेच होती. ग्राहक पुरेसे न मिळाल्यास काय, ह्याचे उत्तर करारात नव्हते. स्वतः नगरपालिकेनेही ठरावीक रकमेची सेवा विकत घेण्याचे बंधन पत्करले नव्हते. ग्राहक थोडेच मिळाले. २००७ मध्ये कंपनीची सूत्रे नव्या हाती गेली, शेकडो नोकर कमी झाले, आणि मे २००८ मध्ये तिने फिलाडेल्फियातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. पैसेवाल्या ग्राहकांस तारेवरून येणारी दुसरी सेवा घेता येत होती. स्वस्त दरावर विसंबलेल्या घरांस तशी निवड नव्हती, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांच्या नजरेस अवश्य आणून द्यावी.

मिनियापोलिस शहराने वेगळा मार्ग धरला. तेथेही जाळे खासगी कंपनीनेच उभारले; पण २००६ च्या करारात नगरपालिका स्वतःच पहिली मोठी ग्राहक झाली. आपल्या नोकरवर्गाच्या वापरासाठी दरसाल किमान साडेबारा लाख डॉलर दहा वर्षे देण्याचे तिने मान्य केले. १ ऑगस्ट २००७ रोजी त्या शहरात मिसिसिपी नदीवरील महामार्गाचा पूल कोसळून १३ माणसे मृत्युमुखी पडली. टेलिफोनवर एकाच वेळी लोकांची झुंबड उडाली असता हे अर्धवट उभारलेले जाळे सर्वांस विनामूल्य खुले करण्यात आले, व बचावकार्यास त्याची मदत झाली.

फिलाडेल्फियाच्या नगरपालिकेने आपल्या शहरातील पडून राहिलेले जाळे डिसेंबर २००९ मध्ये सुमारे २० लाख डॉलरांस विकत घेण्याचे ठरविले; हेतू मुख्यतः सरकारी खात्यांच्या कामाचा होता. घरोघर स्वस्त इंटरनेट देण्याची मूळ कल्पना तोवर मागे पडली होती.

वरच्या वर्गांस हा पाठ देताना मुलांकडून गावातील दिव्यांचे खांब मोजवून घ्यावेत. खांब कोणाच्या मालकीचा, विजेचे बिल कोण भरतो आणि दिवा बंद पडल्यास तक्रार कोठे करावयाची, ही माहिती त्यांनी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात विचारून वहीत तीन रकान्यांत लिहावी. नंतर फळ्यावर ‘दिवा’ हा शब्द पुसून त्याजागी ‘इंटरनेट’ लिहावे आणि तेच तीन रकाने मुलांकडून पुन्हा भरून घ्यावेत.