घरच्या संगणकाची इंटरनेट जोडणी व दोषाची पाहणी

सातबाराचा उतारा, बाजारभाव, हवामानाचा अंदाज आणि महाडीबीटी संकेतस्थळावरील योजनांचे अर्ज ही कामे आता घरच्या संगणकावरून करता येतात. परंतु अर्जाच्या अखेरच्या दिवशी जोडणी बंद पडल्यास संगणकच बिघडला असे समजून तो तालुक्याच्या गावी नेला जातो. त्यात दिवस मोडतो व मुदतही टळते. पुष्कळ वेळा दोष संगणकात नसून जोडणीच्या नोंदींत असतो व तो घरीच शोधता येतो.

चार नोंदी

१. आयपी पत्ता : हा त्या संगणकाचा क्रमांक होय. उदा. १९२.१६८.१.५. एका घरातील दोन यंत्रांस एकच क्रमांक असता कामा नये.

२. सबनेट मास्क : कोणते क्रमांक घरच्याच जाळ्यातील आहेत, हे यावरून ठरते. घरगुती जोडणीत तो बहुधा २५५.२५५.२५५.० असतो.

३. डीफॉल्ट गेटवे : हा राउटरचा क्रमांक होय. चारीचे पाणी ज्याप्रमाणे दारातूनच शेतात येते, त्याप्रमाणे बाहेरील सर्व माहिती राउटरमधूनच येते.

४. डीएनएस : खातेदाराच्या नावावरून गट नंबर शोधावा, तसा संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधून देणारी ही व्यवस्था आहे.

या नोंदी हाताने भरण्याची सहसा गरज नसते. डीएचसीपी या पद्धतीने राउटर त्या आपोआप देतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नंतर नेटवर्क अँड इंटरनेट व तेथे आपल्या जोडणीची माहिती उघडावी. आयपी व डीएनएस या दोन्हींच्या असाइनमेंटपुढे ‘ऑटोमॅटिक’ असल्याची खात्री करावी.

तपासणीचा क्रम

प्रथम राउटरचे दिवे व तारा पाहाव्यात. नंतर कमांड प्रॉम्प्ट उघडून रोमन लिपीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहावे व एंटरची कळ दाबावी. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास राउटरकडून क्रमांक मिळालेला नाही असे समजावे. अशा वेळी राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा.

पत्ता योग्य असल्यास ‘पिंग’ लिहून पुढे गेटवेचा क्रमांक द्यावा. उत्तर न आल्यास दोष बहुधा घरातच, म्हणजे तार, वायफाय अथवा राउटर यांत असतो. उत्तर आल्यास ‘पिंग ८.८.८.८’ करावे, हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा क्रमांक आहे. येथून उत्तर येते, पण एकही संकेतस्थळ नावाने उघडत नाही, असे असल्यास डीएनएसची नोंद तपासावी. राउटर उत्तर देतो, पण बाहेरून उत्तर येत नाही, असे झाल्यास सेवा पुरविणाऱ्यास कळवावे.

इतर संकेतस्थळे उघडतात व अर्जाचे तेवढेच उघडत नाही, अशा वेळी दोष बहुधा त्या संकेतस्थळाचा असतो. तेव्हा घरच्या नोंदींस मुळीच हात लावू नये. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी. शेतकरी बांधवांनी जोडणी सुरळीत असतानाच या चार नोंदी वहीत उतरवून ठेवाव्यात आणि अर्जासाठी अखेरच्या दिवसाची वाट पाहू नये.