तालमीतून कळलेलं

१. रंगमंच आधी पायांना कळतो. आमच्या अंध नटांसाठी मंचाच्या पुढच्या कडेच्या थोडं आत काथ्याची पट्टी अंथरलेली असते. तळव्याला खरखर लागली की पुढे प्रेक्षक! मग सहकलाकारांचे आवाज, मोजून टाकलेली पावलं. यातून हालचाली इतक्या नेमक्या बसतात की डोळस नटांनाही मी आता डोळे मिटून जागा शोधायला लावते. नाट्यदिग्दर्शक स्वागत थोरात यांनी १९ अंध कलाकारांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ बसवलं, त्यामागे अशी किती तालीम असेल, याचा अंदाज आता येतो. कर्णबधिर मुली ठेका शेजारणीच्या खांद्यावरून उचलतात. फळ्यांचा मंच असेल तर तळव्यांतूनही.

२. आमच्या दिव्यांग मुलांना कौतुक फार स्वस्तात मिळतं. प्रयोग संपला की लोक डोळे पुसत रंगपटात येतात, पाठ थोपटतात. व्हीलचेअरवरचा आमचा एक नट एकदा मला म्हणाला, “ताई, दुसऱ्या प्रवेशात माझा आवाज पडला. ते कुणीच कसं बोललं नाही?” हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. नर्तकी सुधा चंद्रन यांनी १९८१च्या अपघातानंतर पाय गमावला आणि १९८४ मध्ये जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून त्या पुन्हा मंचावर नाचल्या. आपण त्यांची जिद्द आठवतो. पण लहानपणापासूनचं भरतनाट्यमचं शिक्षण त्यांच्या गाठीशी होतं! आमच्या मुलांना नृत्यवर्गाच्या दारातूनच परत पाठवतात, मग गाठीशी काय जमणार?

३. नाट्यगृहात रॅम्प असलाच तर प्रेक्षागृहापर्यंत. विंगेकडे पायऱ्याच. दिव्यांग माणूस नाटक बघायला येईल, करायला येईल हे बांधणाऱ्याच्या मनातच आलेलं नसतं.

४. मुलं मोठी होतात. राज्य नाट्य स्पर्धांमध्ये दिव्यांग बालनाट्याचा स्वतंत्र विभाग आहे, त्याचं मोल मी जाणते. पण शाळा सुटली की बऱ्याच जणांची तालीमही सुटते. ऐन विशीत, आवाज आणि समज पिकत असताना! दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये कलाविषयक अभ्यासक्रम त्यांना सहभागी होता येईल असे नव्याने आखण्याची तरतूद आहे. ती वर्गात उतरेल तेव्हा उतरेल. तुम्ही नाट्यसंस्था किंवा नृत्यवर्ग चालवत असाल, तर येत्या तुकडीत अशा एका तरुणाला घ्या. इतरांइतकीच फी घ्या, आणि चुकला तर इतरांइतकंच रागवा.