जर्सी बेटाचा कारभार आणि तेथील हलका कर

जर्सी गाय आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. कित्येकांच्या गोठ्यात तिची संकरित संतती उभीही असेल. परंतु ज्या बेटावरून तिला हे नाव मिळाले, तेथील राज्यकारभाराविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. कर उतरविला की मुलूख आपोआप संपन्न होतो, असे म्हणणारे लोक ह्याच बेटाचा दाखला देतात. सबब तो दाखला एकदा तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

फ्रान्सच्या किनाऱ्यापासून सुमारे 14 मैलांवरील हे बेट अवघे 45 चौरस मैलांचे आहे. 2021 च्या खानेसुमारीत तेथील वस्ती सुमारे 1 लक्ष 3 हजार भरली. बेट ब्रिटिश राजसत्तेच्या छत्राखाली असले तरी ब्रिटनच्या राज्यात मोडत नाही. तेथील कर तेथील विधिमंडळच बसविते. संरक्षणाची जबाबदारी मात्र ब्रिटनवर आहे. कर हलका राखता येण्यास हेही एक कारण होय.

प्राप्तीवरील कर तेथे प्रथम 1928 साली बसला. 1940 साली त्याचा दर शेकडा 20 ठरला व तो आजतागायत तसाच आहे. 1962 साली व्याजाची शेकडा 5 ही जुनी कमाल मर्यादा उठली आणि परदेशी पेढ्यांचा ओघ वाढला. ठेवीदारांस दराच्या हलकेपणाइतकाच त्याच्या स्थिरतेचा भरवसा वाटला असावा.

तथापि गाईची कीर्ती ह्या सर्वांहून जुनी आहे. बाहेरची गुरे बेटावर आणण्यास 1789 च्या कायद्याने कडक बंदी झाली. 1833 साली शेतकऱ्यांची सभा स्थापन झाली. 1866 साली वंशावळीची नोंदवही सुरू झाली. त्या काळी प्राप्तीवर कर नव्हताच. वाण शुद्ध राहिले ते सर्वांनी पाळलेल्या निर्बंधामुळे.

बेटाचे 12 पॅरिश, म्हणजे आपल्या गावांसारखे विभाग, आहेत. प्रत्येक ठिकाणी करदाते दरवर्षी एकत्र जमून स्थानिक खर्च व पट्टी मंजूर करितात. पॅरिशचा प्रमुख स्वतः विधिमंडळात बसतो, आणि बंदोबस्ताचे बरेचसे काम गावकरी बिनपगारी करितात. जुलै व सप्टेंबर महिन्यांत अधिकारी रस्तोरस्ती फिरून कुंपणे पाहतात. रस्त्यावर 12 फुटांच्या व पाऊलवाटेवर 8 फुटांच्या खाली फांदी लोंबली की जमीनवाल्यास दंड! आपल्या शिवारातील पाणंदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस ह्या नियमाचा हेवा वाटेल. पट्टी भरणारा, ती मंजूर करणारा व काम पाहणारा एकमेकांच्या ओळखीचे असल्यामुळे थोड्या पैशांत काम उरकते, असे आमचे मत आहे.

ह्या संपन्नतेची दुसरी बाजूही पाहावयास हवी. 2009 पासून बहुतेक कंपन्यांवरील कर शून्यावर आणिला गेला. त्याची तूट भरून काढण्याकरिता 2008 साली विक्रीच्या मालावर शेकडा 3 कर बसला होता. 2011 साली तो 5 झाला. तो गरिबाच्या भाकरीवरही पडतो. पेढ्यांच्या पगारांशी शेतीला बरोबरी करता येत नाही, आणि घरे व जमिनी सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. 1950 च्या सुमारास बेटावर गाईंचे हजारभर कळप होते. आज दोन डझनही उरले नाहीत. ह्याला इतर कारणेही आहेत, पण हे कारण लहान नव्हे. उरलेल्यांपैकी बहुतेकांचे दूध उत्पादकांच्याच मालकीच्या एका डेअरीत जाते.