घरातील लहानसे असत्य आणि आपला नीतिपाठ

राजा हरिश्चंद्राची कथा सांगावी, 'सदा खरे बोलावे' हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि पाठ संपवावा, असा पुष्कळ शिक्षकांचा परिपाठ असतो. प्रस्तुत लेखकाचाही तोच होता. एकदा चौथीच्या वर्गात हा पाठ संपत आला असता एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, काल वसुलीची माणसं आली, तेव्हा आजी म्हणाली, बाबा परगावी गेलेत. मी आत गेलो, तर बाबा कणगीआड बसलेले. मग आजी खोटं बोलली का?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "खोटे ते खोटेच." मुलगा खाली बसला आणि पुढे दोन दिवस शाळेत आला नाही. आजी आणि गुरुजी यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी मी त्या बालकावर आणली होती.

या वयाच्या मुलाचा विचार कसा चालतो, हे शिक्षकाने जाणले पाहिजे. झां पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले आहे की, लहान मुले असत्याचे मोजमाप त्याच्या आकारावरून करतात. गाईएवढा कुत्रा पाहिला असे भयाने सांगणारा मुलगा त्यांना, गुरुजींनी शाबासकी दिली असे आईस खोटेच सांगणाऱ्यापेक्षा अधिक दोषी वाटतो. हेतूचा विचार वय वाढेल तसा येतो. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न म्हणजे त्या विचाराचा पहिला अंकुर होता. तो खुडावयाचा नव्हता.

२०१४ साली प्रसिद्ध झालेले दोन प्रयोगही मननीय आहेत. अमेरिकेतील प्रयोगात, ज्यांना मोठ्या माणसाने आधी फसविले होते अशी पाच ते सात वर्षांची मुले स्वतः अधिक प्रमाणात खोटे बोलली. दुसऱ्या प्रयोगात 'लांडगा आला रे आला' या कथेने मुले अधिक खरे बोलू लागली नाहीत. परंतु अपराध कबूल करणाऱ्या बाल वॉशिंग्टनचे पित्याने कौतुक केले, या कथेने मात्र फरक पडला. दंडाच्या भीतीपेक्षा खरेपणाचा गौरव अधिक परिणामकारक होतो, हा त्याचा बोध.

तरी नीतिपाठ घेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. मुलाने घरची गोष्ट सांगितल्यास वर्गात तिची चर्चा करू नये. घरचे कर्ज हा वर्गापुढे मांडण्याचा विषय नव्हे.

२. कृत्यास असत्य म्हणावे. माणसास खोटारडा म्हणू नये.

३. असत्यामागील भीती, लाज अथवा माया मुलास शोधू द्यावी. परंतु कारण समजले म्हणून असत्य सत्य ठरत नाही, हेही सांगावे.

४. आपले आचरण तपासावे. गैरहजर मुलाची हजेरी मांडणारा अथवा तपासणीच्या दिवसापुरते तक्ते भिंतीवर टांगणारा शिक्षक मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्या मुलास बाजूस घेतले. म्हणालो, "तू पाहिलेस ते सांगितलेस, हे चांगले केलेस. आजी बोलली ते खरे नव्हते. पण तिला तुझ्या बाबांची अब्रू राखावयाची होती. तुला हसे व्हावे लागले, ती चूक माझी."

तो क्षणभर थांबून म्हणाला, "मग आजीशी बोललं तर चालेल ना?"

दोन दिवस तो आजीशी बोलला नव्हता. आपल्या एका वाक्याचे वजन किती असते, हे त्या दिवशी मला कळले.