वाचलेले पारखावे कसे?

वाचकहो, अक्षराला अक्षर जुळवून शब्द आणि शब्दाला शब्द जुळवून वाक्य वाचणे आता आपल्याला जमू लागले आहे. ही मजल काही लहान नाही. पण वाचता आले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. बाजारात मडके घेताना आपण ते नुसते पाहून घेत नाही. बोटाने वाजवून पाहतो. कागदावरचा मजकूरही तसाच वाजवून घ्यावा लागतो. मग तो वर्तमानपत्रातला असो, निवडणुकीच्या पत्रकातला असो, कर्जाच्या कागदावरचा असो की मोबाइलवर आलेला असो. "छापून आलंय, म्हणजे खरंच असणार!" असे पुष्कळ जण म्हणतात. अहो, छापणाराही माणूसच ना!

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत शिकविले. सहावी-सातवीच्या मुलांना भाषेच्या तासाला, ती भाषा मराठी असो की इंग्रजी, दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. आपले म्हणणे पुराव्यासह कसे मांडतात ही एक, आणि गोष्टीतले मर्म कसे ओळखतात ही दुसरी. ह्या दोन्ही गोष्टी मोठ्या माणसांना तर अधिकच उपयोगी आहेत. मुलाचे चुकले तर गुण जातात. मोठ्या माणसाचे चुकले तर जमीन जाते.

ह्या पाठात आपण दोन्ही शिकू. उदाहरण एकाच माणसाचे घेऊ, म्हणजे गोंधळ होणार नाही. तो माणूस म्हणजे महात्मा जोतीराव फुले. शिक्षण सर्वांपर्यंत गेले पाहिजे, ही गोष्ट त्यांनी एकदा नाटक लिहून सांगितली आणि एकदा सरकारपुढे निवेदन मांडून सांगितली. नाटक १८५५ सालचे, त्याचे नाव ‘तृतीय रत्न’. निवेदन १८८२ सालचे. आधी निवेदन पाहू.

१. म्हणणे

१८८२ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील शिक्षणाची चौकशी करण्यासाठी एक कमिशन नेमले. विल्यम हंटर हे त्याचे अध्यक्ष, म्हणून लोक त्याला हंटर कमिशन म्हणतात. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्या कमिशनसाठी इंग्रजीत एक लेखी निवेदन दिले. त्यातले मुख्य म्हणणे असे होते : सरकारने शेतकरी-कष्टकरी लोकांच्या प्राथमिक शिक्षणाकडे लक्ष द्यावे, आणि ते ठराविक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, सक्तीचे करावे.

विषय आणि म्हणणे ह्यांत फरक आहे. "शिक्षण" हा विषय झाला. "शिक्षण सक्तीचे करावे" हे म्हणणे झाले. ओळखायची खूण सोपी आहे. म्हणण्याला कोणी तरी "मला नाही पटत" असे उत्तर देऊ शकतो. नुसत्या विषयाला तसे उत्तर देता येत नाही. काही वाचून झाले की स्वतःला विचारा : हा लिहिणारा नेमके काय म्हणतो आहे? ते एका वाक्यात सांगता आले, तर मजकूर समजला. दोनदा वाचूनही सांगता आले नाही, तर बहुधा त्यात शब्दच फार आहेत आणि म्हणणे थोडे आहे.

२. कारण

म्हणणे सापडले की लगेच विचारावे, "का बरे?" त्याचे उत्तर म्हणजे कारण. जोतीरावांनी कारण दिले ते असे : सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. ज्याच्या घामाचा पैसा, त्याच्याच मुलाला शाळा नाही. म्हणून सरकारने आधी त्याच्या मुलाकडे पाहावे.

कारण आणि म्हणणे ह्यांच्या मध्ये "म्हणून" हा शब्द घालून पाहावा. "म्हणून" सरळ गेला तर ठीक. अडखळला, तर कोठे तरी पाणी मुरते आहे असे समजावे. समजा, एक जण म्हणाला, "माझे आजोबा गावचे पाटील होते, म्हणून कालव्याचं पाणी आधी मला द्या." येथे "म्हणून" अडखळतो. पाटीलकीचा आणि पाण्याचा काय संबंध? दुसरा म्हणाला, "माझं शेत कालव्याच्या शेवटाला आहे, पाणी तिथवर पोचेपर्यंत पाळी संपते, म्हणून माझ्या पाळीची वेळ वाढवा." हे कारण म्हणण्याला जोडून आहे. ते खरे आहे की नाही हे मात्र शेतावर जाऊन पाहावे लागेल. तेथे पुरावा येतो.

३. पुरावा

कारण खरे आहे हे दाखविणारी वस्तू म्हणजे पुरावा. जोतीरावांनी लिहिले की मुंबई इलाख्यातील जवळजवळ नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही असे म्हणतात. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक तर त्यांनी आकडा दिला. दुसरे म्हणजे "असे म्हणतात" हेही लिहिले. आपण स्वतः मोजलेले नाही, ते मोजल्यासारखे सांगितले नाही. प्रामाणिक लिहिणारा असा असतो.

त्यांनी आणखी एक दाखला दिला. शिक्षणासाठी म्हणून सरकार लोकांकडून वेगळा कर घेत होते. पण तो पैसा ज्या कामासाठी घेतला त्या कामी खर्च होत नव्हता, अशी त्यांची तक्रार होती. शिवाय स्वतःचा अनुभव होताच. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली होती, पुढे महार-मांग मुलांसाठीही शाळा काढली होती. जो माणूस वर्गात उभा राहिला आहे त्याचे शाळेविषयीचे बोलणे वजनदार ठरते.

पुरावा तपासताना वस्तुस्थिती आणि मत वेगळे काढावे. "आमच्या गावात दोन विहिरी आहेत" ही वस्तुस्थिती. कोणीही जाऊन मोजावे. "आमच्या गावासारखं गाव नाही" हे मत. मत असणे हा काही गुन्हा नाही. पण मताला पुरावा समजू नये.

आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. म्हण खरी आहे, कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसे, गावे, पिके ही एका भांड्यात शिजलेली नसतात. म्हणून "अमक्याला ह्या औषधाने गुण आला, तुम्हीही घ्या" असे कोणी लिहिले, तर एका शितावर विसंबू नये. किती जणांना दिले, किती जणांना गुण आला, किती जणांना नाही आला, असे विचारावे.

४. आक्षेप आणि उत्तर

चांगला मांडणारा विरुद्ध बाजू लपवून ठेवीत नाही. शाळा पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत, हे जोतीरावांनी आपल्या निवेदनात मान्य केले. आणि मग म्हटले की वाढल्या तरी त्या गरजेला पुरत नाहीत. खरे असेल तेवढे कबूल करायचे आणि उरलेले सोडायचे नाही, ही त्यांची रीत.

त्या काळी एक मोठा आक्षेप घेतला जाई. "आधी वरच्या वर्गांना शिकवू द्या. विद्या पाण्यासारखी वरून खाली झिरपत जाईल." ऐकायला गोड वाटते. जोतीरावांनी त्यावर उलट सवाल केला : इतकी वर्षे जे शिकले, त्यांनी आपल्या कमनशिबी देशबांधवांना शिकविण्यासाठी घरी वर्ग काढले काय? की विद्या आपल्यापाशीच ठेवली? शिव्या नाहीत, आदळआपट नाही. झिरपले असेल तर दाखवा, एवढेच.

ग्रामसभेत बोलताना हे ध्यानात ठेवावे. विरुद्ध बोलणाऱ्याच्या घराण्यावर घसरले की म्हणणे तेथेच मेले. त्याच्या बोलण्यातला कच्चा सांधा शोधावा आणि नेमके तेथेच बोट ठेवावे.

५. कोण सांगतो, कोणाला सांगतो

निवेदनाखाली सही करताना जोतीरावांनी आपण व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर असल्याचे लिहिले. म्हणजे शेताची, पैशाची आणि कारभाराची, तिन्हींची माहिती असलेला माणूस बोलतो आहे. सांगणारा कोण आहे, त्याला ह्या बाबतीत काय माहीत आहे, आणि आपण मान डोलावली तर त्याचा काय फायदा आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक मजकुराला विचारावे.

तसेच ऐकणारा कोण, हेही पाहावे. कमिशनमधल्या साहेबांना आकडे, कर, खर्च हे लागे. म्हणून तेथे इंग्रजी भाषा आणि निवेदन. पण साध्यासुध्या माणसाला हीच गोष्ट पटवायची तर? तेथे गोष्ट उपयोगी पडते. म्हणून आता नाटकाकडे वळू.

६. गोष्टीचे मर्म

‘तृतीय रत्न’ ह्या नाटकात एक कुणबी आणि त्याची गरोदर बायको आहे. एक जोशी येतो, बाईच्या पोटातल्या मुलाला ग्रहांची पीडा आहे अशी भीती घालतो, आणि ती टाळण्यासाठी त्या गरीब घराला खर्चात पाडतो. नाटकात एक पाद्रीही येतो आणि बोलतो. एक विदूषक आहे. तो घडणाऱ्या प्रकारावर मध्ये मध्ये शेरे मारतो. शेवटी त्या नवरा-बायकोचे डोळे उघडतात आणि दोघे रात्रीच्या शाळेत जायचे ठरवितात.

जे घडते ते कथानक. ज्यांच्या बाबतीत घडते ती पात्रे. पात्रे ज्या अडचणीत सापडतात तो पेच. येथे पेच असा आहे : आईबापांना मुलाची काळजी आहे, आणि खरे-खोटे पारखण्याचे साधन हाती नाही. ज्याच्यापाशी पोथी आहे त्याचे खरे मानावे लागते.

आता मर्म. "जोशाने कुणब्याला फसविले" हे कथानक झाले, मर्म नव्हे. मर्म शोधायचे तर पात्रे आरंभी कशी होती आणि शेवटी कशी झाली हे पाहावे. ही दोघे आरंभी भ्याली, शेवटी शाळेत निघाली. म्हणजे मर्म असे निघते : अज्ञान माणसाला भीतीचा गुलाम करते, आणि विद्या त्याला सोडविते.

एक इशारा. पात्राच्या तोंडचे वाक्य लेखकाचे मत असेलच असे नाही. जोशाच्या तोंडचे वाक्य उचलून कोणी "फुले असे म्हणाले" असे मोबाइलवर पाठविले, तर ते खोटे ठरेल. म्हणून हे वाक्य कोण बोलतो, आणि लेखक त्याच्या बाजूला उभा आहे की समोर, हे पाहावे.

गोष्टीचीही एक मर्यादा आहे. एका जोडप्याच्या गोष्टीवरून किती घरे अशी आहेत हे सिद्ध होत नाही. ते काम आकड्याचे. पण दहा लाख हा आकडा नुसता ऐकला तर तो कानावरून जातो. पोटातल्या मुलासाठी घाबरलेली ती बाई डोळ्यांपुढे आली, म्हणजे त्या आकड्यात माणसे दिसू लागतात. म्हणून आकडा सांगणाऱ्याला विचारावे, "ह्यात माणूस कुठं आहे?" आणि गोष्ट सांगणाऱ्याला विचारावे, "अशी माणसं किती आहेत?"

७. पुढे काय झाले?

म्हणणे पक्के असले की लगेच मान्य होते, असे नाही. सक्तीच्या शिक्षणाची मागणी १८८२ नंतर इंग्रज सरकारने लगेच मानली नाही. ‘तृतीय रत्न’ तर जोतीरावांच्या हयातीत छापलेही गेले नाही. पण म्हणणे मेले नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते मोफत आणि सक्तीचे केले. आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. निवेदनापासून ह्या दिवसापर्यंत १२७ वर्षे गेली. ज्या म्हणण्याला कारण आणि पुरावा असतो, ते मांडणारा गेला तरी दुसऱ्याला उचलता येते.

अभ्यास

१. आजच्या वर्तमानपत्रातील एक बातमी घ्या. तिच्यातील वस्तुस्थितीच्या वाक्याखाली एक रेघ आणि मताच्या वाक्याखाली दोन रेघा ओढा.

२. लहानपणी ऐकलेली एक गोष्ट आठवा. तिचे कथानक तीन वाक्यांत आणि मर्म एका वाक्यात लिहा.

३. जोतीरावांनी निवेदनात खेड्यातल्या शाळेचे विषय सुचविले होते. त्यांत मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची ओळख, नीती आणि आरोग्य हे होते. आज आपल्या गावच्या शाळेसाठी तुम्ही कोणता एक विषय वाढवाल? म्हणणे, कारण आणि पुरावा असे तीन भाग करून लिहा.

४. ग्रामसभेत किंवा वस्तीच्या बैठकीत तुम्हांला जे मागायचे आहे ते पाच वाक्यांत लिहा. समोरचा कोणता आक्षेप घेईल तो सहाव्या वाक्यात, आणि त्याला तुमचे उत्तर सातव्या वाक्यात लिहा. मग तो कागद बैठकीला घेऊन जा.