गोल खाल्ल्यानंतर

चि. ओंकार,


परवाच्या सामन्यात तू आणि तुमचा स्टॉपर एकाच चेंडूवर धावलात, आदळलात आणि गोल बसला, असं ताईनं सांगितलं. आता तू गोलकीपिंग सोडून फॉरवर्डला खेळणार म्हणे. तो निर्णय तुझा. पण त्याआधी सोव्हिएत गोलकीपर लेव याशीनची हकिकत ऐक.

मॉस्कोतल्या कामगाराचा हा मुलगा. महायुद्धात शाळेच्या वयातच कारखान्यात कामाला लागला. 1950 मध्ये डायनामो मॉस्कोकडून तयारीच्या सामन्यात उभा राहिला. समोरच्या गोलकीपरनं मारलेली लांब किक पकडायला वर बघत धावला, आपल्याच बचावपटूवर आदळला आणि चेंडू टप्पा घेऊन जाळ्यात गेला. त्याच वर्षी डायनामोचा मुख्य गोलकीपर खोमिच जखमी झाला म्हणून याशीनला स्पार्ताकविरुद्ध लीगच्या सामन्यात उतरवलं, तर तिथंही आपल्याच खेळाडूशी टक्कर आणि गोल! तुझ्याकडून झालं तेच, दोनदा. पुढं 1953 पर्यंत त्याला पहिल्या संघात पक्की जागा नव्हती. पण पठ्ठ्यानं गोल सोडला नाही. डायनामोच्या आइस हॉकी संघाचा गोल राखला आणि 1953 चा सोव्हिएत कपही जिंकला. त्या सुसाट चकतीनंच त्याची नजर तयार केली असावी, असं मला वाटतं.

मग सोव्हिएत संघाकडून 1956 चं ऑलिंपिक सुवर्ण, 1960 चा युरोपीय कप. आणि 1962 मध्ये चिलीतला विश्वचषक! कोलंबियाविरुद्ध 4-1 ची आघाडी गेली, सामना 4-4 सुटला; त्यातला एक गोल तर थेट कॉर्नरवरून. उपांत्यपूर्व फेरीत यजमान चिलीनं 2-1 हरवलं. सगळं खापर याशीनच्या डोक्यावर फुटलं. मायदेशी लोकांनी ते सामने टीव्हीवर पाहिलेही नव्हते, तरी मैदानात शिट्ट्या वाजल्या, घराच्या काचा फुटल्या. बत्तिशीतला माणूस, खेळ सोडायच्या विचारात होता. काही दिवस मैदानापासून लांब राहून मासे धरत बसला, मग परतला. 1963 च्या लीगमध्ये 27 सामन्यांत फक्त 6 गोल खाल्ले, डायनामो विजेता ठरला आणि याशीनला बॅलन डी'ऑर मिळाला. पुरुषांमध्ये तो मिळवणारा आजवरचा एकमेव गोलकीपर तोच.

आता मुद्द्याचं. हा माणूस गोलरेषेवर खिळून राहायचा नाही. पुढं येऊन चेंडू घ्यायचा, आणि सामनाभर ओरडून बचावफळी हलवायचा. दोनदा आदळलेला गोलकीपर पुढं आवाजासाठी ओळखला गेला, हे नीट लक्षात घे. तुझे हात चांगले आहेत, मी पाहिलेत. तू गप्प राहतोस, तिथं चुकतं. चेंडू हवेत असतानाच "माझा!" म्हणून ओरडायला हवं, स्टॉपरला ते ऐकूच आलं नाही तर तो कसा थांबणार?

रविवारी सरावाला त्यालाच बरोबर घे. कुणाला तरी कॉर्नर मारायला लाव आणि प्रत्येक चेंडूवर नाव घेऊन हाक दे. सुरुवातीला लाज वाटेल, वाटू दे. ग्लोव्हज फाटलेत असं ताई म्हणाली. साइज कळव, पाठवतो.

तुझा,
मामा