घोट्यातली सुतळी

अकरा वर्षं पुण्यात बॉक्सिंग केलं. जिल्हा पातळीच्या वर कधी गेलो नाही, पण हौस दांडगी. छत्तिसाव्या वर्षी एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळंच) मॅटवर उतरलो तो 'हात तर येतातच, बाकीचं शिकून घेऊ' या हिशेबानं. हातांना तिथं कुणी विचारलंच नाही. बारा महिने सगळी शिकवणी पायांची चालली.

१. सुतळी कुठं सोडायची ते कळायला हवं

आमचे बॉक्सिंगचे सर नव्या पोराच्या दोन्ही घोट्यांना मिळून सुतळी बांधायचे, खांद्यांच्या रुंदीपेक्षा जराशी लांब. पाय जास्त फाकले की ती ताणायची, जवळ आले की लोंबून पायात यायची. पुढं जाताना पुढचा पाय आधी, मागचा त्याच्यामागून. डावीकडे जायचं तर डावा आधी. पायावरून पाय गेला की पाठीत धपाटा, कारण नेमक्या त्या क्षणी पुढच्या हाताचा साधा ठोसा बसला तरी माणूस बुडावर आपटतो. ही चाल अंगात इतकी मुरली की मंडईतल्या गर्दीतही मी तिरका सरकतो, असं बायको म्हणते.

आणि मग एमएमएतल्या डॉमिनिक क्रूझच्या लढती पाहिल्या. हा गडी चक्क चालतो! डावा पाय पुढं, मग उजवा पुढं, मध्येच दिशा बदल. टी. जे. डिलशॉनं २०१४ मध्ये रेनान बराओकडून पट्टा काढून घेतला तोही असाच पवित्रे बदलत. सरांनी दोघांनाही धपाटे घातले असते. पण यामागचा हिशेब सोपा आहे. बॉक्सिंगमध्ये दोघांत हातभर अंतर, एमएमएत ते पायाच्या लांबीचं होतं आणि वर झेपेची भर. एवढी जागा इंच इंच सरकत कापायला गेलं तर समोरच्याला चहा पिऊन यायला वेळ मिळेल. म्हणून लांबून चालायचं, पायावरून पाय गेला तरी चालतं. माराच्या टप्प्यात शिरताना मात्र सुतळी बांधलेलीच हवी. हा टप्पा नेमका कुठं सुरू होतो, हे कळण्यात माझे सुरुवातीचे चार महिने गेले.

२. पुढच्या पायावर भार टाकू नये

बॉक्सरचा पवित्रा तिरका असतो. डावा खांदा पुढं, डाव्या पंजाची बोटं किंचित आत, वजन बरंचसं पुढच्या पायावर. ठोशांपासून अंग झाकायला उत्तम. पण डाव्या पोटरीची बाहेरची बाजू समोरच्याच्या उजव्या लाथेपुढं ताटात वाढून ठेवल्यासारखी.

पहिल्याच आठवड्यात गुडघ्याच्या खाली तशा तीन लाथा बसल्या. दुखलं फारसं नाही. पाऊल बधिर झालं, एवढंच. खाली येऊन बाइक सुरू केली, पहिला गिअर पडला. दुसऱ्यासाठी पंजा वर उचलायचा, तर उचलेचना. मेंदू सांगतोय, पाऊल ऐकत नाही. तिथून एक शीर जाते, तिला मार बसला की असं होतं हे नंतर कळलं. त्या रात्री पहिल्या गिअरमध्येच घर गाठलं.

जानेवारी २०२१ मध्ये अबूधाबीत एमएमएच्या लढतीत कॉनर मॅकग्रेगरचं असंच झालं, फक्त सगळ्या जगासमोर. पुढच्या पायावर भार देऊन तो बॉक्सरसारखा उभा होता. डस्टिन पॉइरियेनं पोटरी फोडली आणि दुसऱ्या फेरीत ठोशांनीच संपवलं. लाथेनं पाय मेला की हातही निम्मे मरतात.

आता मी थोडा समोरासमोर उभा राहतो, पंजा सरळ, पुढचा पाय केव्हाही उचलता येईल इतका हलका. सर बघतील तर म्हणतील, छाती उघडी टाकलीस. टाकलीच आहे. पोटरी की छाती, यातलं एक निवडावं लागतं.

३. वाकून ठोसा चुकवू नये

निदान सवयीनं तरी नाही. खाली गुडघा येत असतो. नाकाच्या हाडावर हे एकदाच शिकलो.

४. कोन मिळाला म्हणजे काम झालं असं नाही

बॉक्सिंगमधली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे कोन काढणं. समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर आपलं पाऊल टाकायचं आणि त्यावर गिरकी घ्यायची. त्याचे दोन्ही हात आपण मघाशी होतो तिकडं रोखलेले, आपण त्याच्या खांद्याबाजूला. तो वळेपर्यंतचा अर्धा क्षण आपला. बॉक्सर वासिल लोमाचेंकोला वडिलांनी लहानपणी युक्रेनी लोकनृत्याच्या वर्गात घातलं होतं. २००८ आणि २०१२ च्या त्याच्या ऑलिंपिक सुवर्णपदकांच्या लढती पाहताना ते पटतं.

आमच्या जिममध्ये साताऱ्याकडचा एक पोरगा येतो. वय एकोणीस, तालमीतला. मला काका म्हणतो. त्याला सुधारायचा नाद मी सोडला. त्याच्याशी खेळताना मी बाहेर पाऊल टाकलं, गिरकी घेतली, झकास कोन मिळाला. उजवा हात सोडणार तेवढ्यात छत दिसलं. तो वळलाच नव्हता. माझा डावा पाय मीच त्याच्या हाताशी नेऊन ठेवला होता. त्यानं वाकून एकेरी पट काढला, बस्स. गिरकीत सगळं वजन त्याच पायावर, त्यामुळं तो मागं ओढायचीही सोय नाही.

२०१० मध्ये बोस्टनला एमएमएत उतरलेल्या जेम्स टोनीचं काय झालं ते यानंतर मी पुन्हा पाहिलं. तीन वजनगटांतला जगज्जेता बॉक्सर, समोर ४७ वर्षांचा रँडी कुटूर. कुटूर ठोशांच्या वाटेला गेलाच नाही, वाकून घोट्यालाच भिडला आणि पहिल्याच फेरीत टोनीला हार मानायला लावली. कुस्तीच्या खडाखडीत हात हातांशी झटत असतात, पण लक्ष पायांवर असतं. आमचं लक्ष हनुवटीवर.

५. दोर सैल असतो, जाळी नसते

हौशी बॉक्सिंगची रिंग दोरांच्या आत ६.१ मीटर, चार कोपरे काटकोनात. कोपऱ्यात सापडलात की दोन्हीकडून दारं बंद. यूएफसी या एमएमए स्पर्धेचा अष्टकोन ३० फूट रुंद आणि प्रत्येक कोपरा १३५ अंशांचा, म्हणजे कोपरा असा नाहीच. कडेकडेनं निसटता येतं. मला वाटलं, आपली चैन आहे. पण इथं दोरांऐवजी जाळी. दोरावर रेलता येतं. १९७४ मध्ये किन्शासात अलीनं फोरमनला तसंच दमवलं. जाळीला पाठ लागली की मागं जायला बोटभरही जागा नाही, आणि कुस्तीगीर कमरेला मिठी मारून तुम्हाला तिथंच चेपतो. म्हणून आता दोन पावलं आधीच बाजूला निघतो. एक गोष्ट मात्र जाळीच्या बाजूची: खाली पडल्यावर तिला पाठ घासत उठता येतं. दोर त्या कामाचा नाही.

६. जुनं सगळं टाकायचं नसतं

बॉक्सरचे पाय एमएमएत कुचकामी, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. २०१५ मध्ये मेलबर्नला एमएमएच्या लढतीत रोंडा राउझी सरळ रेषेत धावत राहिली आणि बॉक्सिंगची जगज्जेती हॉली होम बाजूला सरकत राहिली. दुसऱ्या फेरीत डोक्यावर लाथ, खेळ खलास. पाय बॉक्सरचेच होते. फक्त मिठीचं भान ठेवून लांबून फिरत होते.

गेल्या महिन्यात त्या साताऱ्याच्या पोराला म्हटलं, आज फक्त ठोसे. तीन फेऱ्यांत त्याला मी सापडलो नाही. धापा टाकत म्हणाला, "काका, मलापण बांधा की ती सुतळी." बांधली. सवयीनं त्यानं कुस्तीचा पवित्रा घेतला, पाय फाकले आणि ती तटकन तुटली. खाली बघत म्हणाला, "उद्या जरा जाड आणा."